हसाजीमामा बसत नाहीत

महिन्याच्या सात तारखेपर्यंत हसाजीमामा तुमच्याआमच्यासारखेच बसायचे. खुर्चीवर, बाकावर, ओट्यावर, प्रसंगी भाताच्या पोत्यावरसुद्धा. पण आठ तारीख उजाडली आणि पगार झालेला नसला, की हा माणूस बसायचा बंद. पगार हातात पडेपर्यंत उभा. गिरणीत उभा, घरी उभा, चहाच्या दुकानात उभा. जेवण उभ्यानं. दाढीसुद्धा उभ्यानं, आणि मामा चांगले सहा फूट, म्हणजे न्हाव्याला बिचाऱ्याला स्टुलावर चढावं लागायचं.

"मग झोपता कसे?" असं मी एकदा विचारलं.

"आडवं होणं म्हणजे बसणं नव्हे," मामा म्हणाले. "मी बसत नाही म्हटलंय. झोपत नाही असं कधी म्हटलंय? नीट ऐकत जा, भाच्या."

मी त्यांचा भाचा नव्हे. ते इस्रायल आळीतले, मी प्रधान आळीतला. पण अख्खं पनवेल त्यांना मामा म्हणायचं आणि मामा अख्ख्या पनवेलला भाचा किंवा भाची म्हणायचे, त्यात मीही आलो. ही गोष्ट नवे पैसे नुकते निघाले होते तेव्हाची. माणसं हातात नवे पैसे घेऊन तोंडानं आणे मोजत असायची आणि दर दुकानाच्या पायरीवर एक तरी भांडण चाललेलं असायचं.

उरण नाक्याच्या अलीकडे तात्यासाहेबांची भातगिरणी होती. माणसं वीसेक. मामा तिथं इंजिन चालवायचे आणि मी होतो हजेरी कारकून. मी म्हणजे एक नंबरचा भित्रा. तेविसावं वर्ष, घरात कमावता मी एकटा, आणि अंगात गुण म्हणाल तर एकच: अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरानं पुढे माझा जीव टांगणीला लावला, ते येईलच.

मामांचं आणखी एक वाक्य ठरलेलं होतं. महिना सुरू झाला की ते भेटेल त्याला विचारत, "आज कितवी?" समोर कॅलेंडर असलं तरी विचारत. एक तारखेला हसून, चार तारखेला जरा घाईनं, आणि सहा तारखेला असं की वाटावं, तारीख सांगायला उशीर केला तर हा माणूस आपल्याला इंजिनाच्या पट्ट्यात घालेल. सातला दुपारनंतर त्यांचा पाय जमिनीला ठरत नसे. इंजिनापासून ऑफिसच्या दारापर्यंत, दारापासून इंजिनापर्यंत. माझं टेबल दाराशी होतं. या माणसाच्या येरझारा बघून माझ्याच पायांना कळ लागायची.

आणि तात्यासाहेब? छे, छे, तुम्हाला वाटतो तसला माणूस नव्हे तो. आवाज चढवणं नाही, शिवी नाही. पगार मागायला कुणी आलं की तोंडभर हसायचे आणि भिंतीकडच्या लांब बाकाकडे हात करून म्हणायचे, "बसा हो, देतो." झालं. माणूस बसायचा. तात्यासाहेब त्याला चहा मागवायचे, बायकोचं गुडघ्याचं दुखणं विचारायचे, मुलाची यत्ता विचारायचे. तासाभरानं माणूस चहा पिऊन, आभार मानून, रिकाम्या हातानं परत जायचा. बसून बसून त्या बाकाचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्यावर सगळे बसलेले मी पाहिले, मीही कितीदा बसलो, फक्त मामांना त्यावर कधी बसलेलं पाहिलं नाही. पाच तारखेलासुद्धा नाही.

बाकाच्या वर लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. मी कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मामा आत आले, पायातल्या वहाणा काढल्या, लक्ष्मीला नमस्कार न करता तिला उजवीकडे सरकवली आणि मागचं काहीतरी वाचू लागले. मी जाऊन पाहिलं. पिवळा पडलेला छापील कागद, पगाराच्या कायद्याचा गोषवारा. मजुरांना समजेल अशा भाषेत तो भिंतीवर लावलाच पाहिजे असं सरकारनं ठरवलेलं. तात्यासाहेबांनी लावला होता. त्यावर लक्ष्मी लावू नका असं काही सरकारनं सांगितलेलं नव्हतं.

"पाचवं कलम," मामा मला म्हणाले. "हजाराच्या आत माणसं असली तर महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत पगार. कामाच्या दिवशी. सहावं कलम, रोख. नाणं नाहीतर नोट. वाच, वाच, तुझ्यासाठीच छापलंय."

"मला काय करायचंय?" मी म्हणालो.

"तुला पगार नको?"

नको कसा? पण माझी भानगड वेगळीच होती. पगाराच्या रजिस्टरात पगार दिल्याच्या तारखेचा एक रकाना असतो. तात्यासाहेब पगार देत वीस-बावीस-तेवीसला, आणि मला सांगत, "तारीख सात घाल हो, उगाच इन्स्पेक्टरला वाचायला त्रास." मी घालायचो. माणसं सह्या करत, अंगठे उठवत, आणि वर माझ्या मोत्यासारख्या अक्षरात सात, सात, सात. स्वतःच्या नावापुढेसुद्धा सात, आणि तो सात घालताना माझ्या पोटात सकाळपासून काही नसायचं.

मामांच्या उभं राहण्याचा गावाला फार उपयोग होता. मिरची गल्लीतले वाणी सकाळी दुकान उघडताना आधी मामांकडे बघत. मामा उभे असले तर गिरणीच्या माणसांना उधारी द्यायची, पण तगादा लावायचा नाही. बसलेले असले की वही काढायची. एकदा पेणला जाणाऱ्या रिकाम्या एस.टी.त मामा दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "अहो, बसा की, चाळीस सीटा मोकळ्या आहेत." मामा म्हणाले, "पगार झाला नाही." कंडक्टर पनवेलचाच, त्यानं मुकाट तिकीट फाडलं.

पण कळस झाला तो माझ्या बहिणीच्या लग्नात. पंगत बसली. मधोमध पाटावर तात्यासाहेब. समोर मामा, पत्रावळ तळहातावर घेऊन उभे. वाढपी श्रीखंड घेऊन आला तो थबकला. वाढायचं कुठं? खाली वाकायचं की वर बघायचं? आमची आत्या ओरडली, "अहो, बसा ना, लग्नघर आहे!" मामा अगदी नम्रपणे म्हणाले, "बसलो असतो हो ताई, पण आज एकोणीस." सगळी पंगत तात्यासाहेबांकडे बघू लागली. तात्यासाहेबांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पगार झाला. माझ्या बहिणीच्या लग्नातला सगळ्यात मोठा आहेर तोच.

एकदा तात्यासाहेबांनी अर्धा पगार कणीत द्यायचं काढलं. कणी म्हणजे तांदूळ सडताना उरतो तो तुकडा. "घरचीच आहे, शिजते छान," ते म्हणाले. मामांनी मूठभर कणी खिशात घातली, एस.टी. स्टँडवर गेले आणि अलिबागचं तिकीट मागताना ती मूठ खिडकीत ठेवली. तिकीटवाला भडकला. मामांनी त्याच्याकडून चिठ्ठीच लिहून घेतली, की ही वस्तू चालत नाही, आणि ती आणून तात्यासाहेबांच्या टेबलावर ठेवली. मला हसू आवरेना. मग तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ते आवरलं.

"तुमच्या पोथीतच आहे का हो हे सगळं?" मी मामांना विचारलं होतं.

"आमच्या पोथीत तर मजुराची मजुरी एक रात्रसुद्धा धन्याच्या घरी ठेवू नये असं आहे," मामा म्हणाले. "सरकारनं सात दिवस दिले. म्हणजे सरकार देवापेक्षा दिलदार. आणि आपले तात्यासाहेब दोघांपेक्षा."

आता पोथीचा विषय निघालाच आहे तर शनिवारचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं शनिवारानं घडवलं. मामा इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी. भाषा आमचीच, भाजीत नारळ आमच्यापेक्षा सढळ. पण शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. काम नाही, विस्तव पेटवणं नाही, पैशाला शिवणं नाही, हातात लेखणी धरणं नाही. तात्यासाहेबांच्या वडलांनीच ठरवून दिलं होतं की हसाजीला शनिवारी रजा, आणि त्याबदली रविवारी गिरणी बंद असताना त्यानं इंजिन धुवायचं.

आणि शब्बाथला मामा बसत. पगार झालेला असो, नसो. धुतलेला लेंगा, डोक्यावर टोपी, ओट्यावर मांडी घालून. मी चेष्टा केली तर म्हणाले, "विश्रांती घे असं देवानं सांगितलंय. माझ्या आणि तात्यासाहेबांच्या भांडणात देवाला कशाला उभा करू?" जुन्या वाण्यांना हे माहीत होतं. शनिवारचं बसणं ते धरत नसत.

त्या वर्षी दिवाळी झाली तरी सप्टेंबरचा पगार नव्हता. ऑक्टोबरचाही चढला. दोन महिने! मामा दिवसेंदिवस उभे. पाय सुजले, वहाणांचे अंगठे तोडून टाकले, पण बसायला तयार नाहीत. बायकामाणसं भात वाळवता वाळवता तात्यासाहेबांच्या नावानं बोटं मोडत आणि बाकावर बसून चहा पिऊन परत जात.

अशा वेळी मिरची गल्लीत एक नवा वाणी आला, दामूशेठ. जुन्नरकडचा. त्याला शेजारच्या दुकानदारानं मामांचं गणित शिकवलं, पण शनिवारचं सांगायचं राहिलं. एका शनिवारी सकाळी दामूशेठ इस्रायल आळीतून येत होता, आणि बघतो तर मामा ओट्यावर ऐसपैस बसलेले! झालं की काम. दुकानात येऊन त्यानं वही काढली आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते आमची हिराबाय.

हिराबाय सुकापूरची. गिरणीत भात वाळवायची. नवरा मिठागरावर पाय कापून घरी बसलेला, पदरात तीन पोरं. ती पाणी भरून परत जाताना तेल-डाळ न्यायला थांबली होती, कमरेवर तांब्याचा हंडा.

"पगार झाला तरी उधार?" दामूशेठ म्हणाला.

"कुटला पगार? दोन म्हयने नाय झाला."

"खोटं नको बोलू. तुमचे मामा बसलेत, या डोळ्यांनी बघून आलो."

दुकानात दहा माणसं होती. हिराबाय काळी ठिक्कर पडली, असं बघणारे सांगत. मग तिनं हंड्यातलं पाणी दुकानाच्या पायरीवर ओतून दिलं आणि रिकामा हंडा दाणकन त्याच्या फळीवर ठेवला. "घे, ठेव गहाण. माजी जबान खोटी हाय तं हाय. तांबा तरी खरा हाय ना?" आणि पावशेर तेल आणि शेरभर डाळ घेऊन चालती झाली.

रविवारी इंजिन धुताना हे मामांना कळलं. मीच मुद्दाम जाऊन सांगितलं, जरा तिखटमीठ लावून, हसतील म्हणून. मामांनी हातातली चिंधी खाली ठेवली.

"माझ्या बसण्यानं तिचा हंडा गेला?"

"अहो, तो वाणी नवा, त्याला काय कळतंय..."

"माझ्या बसण्यानं गेला," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझी लाज वाटली. पुढचा आठवडाभर त्यांच्या येरझारा थांबल्याच नाहीत. नुसते इंजिनापासून दारापर्यंत आणि दारापासून इंजिनापर्यंत. मग एके दिवशी माझ्या टेबलाशी थांबले. "उभं राहून भागत नाही आता. अलिबागच्या साहेबाकडे अर्ज करायचा. सगळ्यांचा मिळून एकच चालतो, वकील लागत नाही. मुदत सहा महिन्यांची आहे, आपण आतच आहोत. तुझं अक्षर चांगलंय. लिहितोस?"

मी म्हणालो, "मामा, माझं पोट आहे हो या नोकरीवर."

"बरं," म्हणाले, आणि स्वतःच लिहिला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खाली अठरा अंगठे आणि सह्या. माझी नव्हती. लिहायला लाज वाटते, पण नव्हती.

अलिबागहून तात्यासाहेबांना नोटीस आली. तात्यासाहेब रागावले नाहीत. त्यांनी मलाच एक कागद लिहायला लावला: दिवाळीत पैसे उधळले जातील म्हणून दोन महिन्यांचा पगार आम्हीच राजीखुशीनं मालकांकडे ठेवला आहे, आमची तक्रार नाही. "घे हो अंगठे," म्हणाले, "तुझं ऐकतील." मी शाईचा पॅड घेऊन हिराबायकडे गेलो. काय ही वेळ माझ्यावर! मामा तिथंच उभे होते.

"उठव गं अंगठा," मामा तिला म्हणाले. "पाहिजे तर दहाही उठव. कायद्यानं दिलेला हक्क लिहून देऊन सोडता येत नाही. तो कागद फुकट आहे."

हिराबायनं माझ्याकडे पाहिलं. "फुकट हाय तं मंग शाई कशाला नासवतोस, दादा?"

कागद कोराच परत गेला. तात्यासाहेबांनी मला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तुझ्या रजिस्टरात बाकी सगळे महिने सात तारखेलाच आहेत ना? मग कोण ऐकतंय त्यांचं? तू फक्त रजिस्टर घेऊन ये आणि गप्प राहा. तुझ्या पगाराचंही बघू हो आपण." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

तारखेच्या दिवशी सगळे एकाच एस.टी.नं अलिबागला गेलो. तात्यासाहेब पुढे, मी मांडीवर रजिस्टर आणि हजेरीबुक घेऊन मध्ये, हिराबाय मागे आणि मामा पेण, वडखळ, पोयनाड, सगळा रस्ता दांड्याला लोंबकळत. खड्डा आला की त्यांच्या सुजलेल्या पायांकडे माझं लक्ष जायचं आणि मी पुन्हा खिडकीबाहेर बघायचो.

अधिकारी थकलेला, टकला, शांत माणूस. "बसा," तो मामांना म्हणाला.

"पगार झालेला नाही, साहेब."

"म्हणजे?"

"त्यांचं तसंच हाय, साहेब," हिराबाय म्हणाली. "पगार झाला का बसतील. तुमी चालू करा."

तात्यासाहेब इतकं गोड बोलले की मला स्वतःला खरं वाटायला लागलं. दरमहा सातला पगार देतो, हा बघा पुरावा, या खेपेस त्यांनीच ठेव म्हणून ठेवायला सांगितला, आता फिरले. साहेबानं रजिस्टर चाळलं. सात, सात, सात. "नोंदी तर स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "अक्षरही सुंदर आहे." साहेबानं मामांकडे असं पाहिलं, की आता तुम्ही काय बोलणार?

"साहेब, एकच विचारायचंय," मामा म्हणाले. "ऑगस्टचा पगार दिल्याची तारीख आहे यंदाच्या सप्टेंबरची सात. वार कोणता?"

साहेबानं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. "शनिवार."

"मी इस्रायल आहे. शनिवारी पैशाला शिवत नाही, लेखणी धरत नाही. जन्मात धरलेली नाही. आणि इथं सात तारखेपुढे माझी सही आहे. मग ती कधी केली मी?"

तात्यासाहेब पहिल्यांदाच हसायचे थांबले. "आता, सहीचं काय, साहेब, घाईत कधी केली असेल..."

"हजेरीबुक बघा," मामा म्हणाले.

साहेबानं माझ्याकडे हात केला. मी हजेरीबुक उघडलं. सात सप्टेंबर, हसाजी: रजा. त्याच मोत्यासारख्या अक्षरात! मीच एका वहीत त्यांना रजेवर ठेवलं होतं आणि दुसऱ्या वहीत त्याच दिवशी गिरणीत आणून पगार दिला होता. इतका गाढव कारकून पनवेलमध्ये दुसरा नसेल.

"दोन्ही अक्षरं तुमची?" साहेब म्हणाला.

"होय."

"मग यातलं एक खोटं आहे. कोणतं?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. धमकी नव्हती हो त्या नजरेत, नुसती माया होती, बाकावर बसवताना असायची तीच. मला वाटलं, आपणही गेली दोन वर्षं त्या बाकावरच बसलोय. मी उठून उभा राहिलो.

"पगाराचं, साहेब. सप्टेंबरात तेवीसला पगार दिला. दर महिन्याला असंच होतं. सात मी घालतो."

हिराबाय मागून म्हणाली, "सुटलास रे, दादा." आणि खरंच सांगतो, तसंच वाटलं.

साहेबानं मला चांगलं फैलावर घेतलं, ते इथं सांगत नाही. पण हुकूम झाला. थकलेला सगळा पगार, वर थोडी भरपाई, आणि सगळं जानेवारीच्या सात तारखेच्या आत, चालू महिन्यासकट. येताना पेणच्या स्टँडवर तात्यासाहेबांनीच सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाले, "नोकरी आहे तिथं आहे हो तुझी. पण एवढं सुंदर अक्षर फुकट घालवलंस." मी मामांना विचारलं, "ती सही करताना सात तारीख तुम्हाला दिसली नव्हती?"

"दिसली होती. म्हणून तर केली," मामा म्हणाले.

सात जानेवारीला, मंगळवारी, सकाळीच पगार सुरू झाला. नवी करकरीत नाणी. मी तारखेच्या रकान्यात सात घातला आणि पहिल्यांदाच तो खरा होता. हिराबाय पैसे घेऊन थेट मिरची गल्लीत गेली आणि परतताना रिकामा हंडा डोक्यावर घेऊन बाजारपेठेतून मुद्दाम दोनदा फिरली. शेवटी मामांनी सही केली. तात्यासाहेबांनी स्वतः बाक पुढे ओढला. "हसाजी, आता तरी बसा हो!"

मामांनी बाकाकडे पाहिलं, वहाणा घातल्या आणि निघून गेले.

गिरणीत सगळे हिरमुसले. मी तर चिडलोच. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दिवा नुकताच लावलेला, आणि मामा खोलीत उभे! खुंटीवरून काढलेला एक जाड काळा गरम कोट ब्रशानं झाडत होते. तसला कोट पनवेलच्या हवेत कोण घालणार?

"मामा, पगार झाला!" मी म्हणालो. "न्याय मिळाला, हंडा सुटला, आता कुणासाठी उभे आहात?"

ते ब्रश फिरवत राहिले. "हा दानीचा कोट."

दानी त्यांचा एकुलता एक मुलगा. पाच वर्षांपूर्वी इस्रायलला गेला एवढंच मला माहीत होतं. बायको त्याआधीच वारलेली.

"तिकडे थंडी फार म्हणे," मामा म्हणाले. "मी त्याला म्हटलं, तू मुंबईला पुढे हो, पगार झाला की कोट घेऊन धक्क्यावर येतो. बोट चारची होती. सकाळी तात्यासाहेबांकडे गेलो. म्हणाले, बसा हो, देतो. बसलो. चहा आला, प्यालो. दानीची चौकशी केली त्यांनी, मी हसत हसत सांगत बसलो. दोन वाजता पैसे दिले. कोट घेतला, एस.टी.नं ठाणं, तिथून गाडी. पोचलो तेव्हा धक्का झाडत होते."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"बांधून ठेवलं नव्हतं रे कुणी मला. मीच बसलो. पाचवं कलम माझ्या डोक्याच्या वर दोन हातांवर होतं, लक्ष्मीच्या पाठीमागे. वारा आला म्हणजे कॅलेंडर हलायचं. मी उठून कधी बघितलं नाही."

"पाठवायचा पार्सलनं," मी कसंबसं म्हणालो.

"माप बदललं असेल आता त्याचं." त्यांनी कोट पुन्हा खुंटीला लावला, बाह्या सरळ केल्या. "ये म्हणून लिहितो. पण दर पत्रात एक विचारतो, की बाबा, तुम्ही त्या दिवशी का आला नाहीत? मी दुसरंच काहीतरी लिहितो. इंजिनाचं, पावसाचं. पाच वर्षं झाली. हे सांगायला तोंड होत नाही आणि सांगितल्याशिवाय तिकडे जाववत नाही." मग माझ्याकडे वळले. "तुझं अक्षर चांगलंय. इतके दिवस खोटं लिहिलंस. आता एक खरं लिहितोस?"

फळीवरची दौत काढून मी दिव्याजवळ कागद मांडला. मामा खोलीभर फिरत सांगू लागले. दारापासून खुंटीपर्यंत, खुंटीपासून दारापर्यंत.

"चिरंजीव दानी यास अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. तू विचारलं होतंस की मी धक्क्यावर का आलो नाही." ते थांबले. मी टाक हातात धरून वाट बघत राहिलो.

"लिही. मी बसलो होतो."

मी लिहिलं. मान वर करून बघतो तर मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले, सुजलेले पाय लांब केलेले, तोंडावर टोपी ओढलेली.

टाक पुन्हा दौतीत बुडवून मी विचारलं, "पुढे काय लिहू, मामा?"

"आज कितवी?" टोपीआडून ते म्हणाले.

"सात."

"तारीख घाल," मामा म्हणाले. "आजचीच."